गाठ तेवढी निघेल

"झोप म्हणलं न तुले! तेल थंडं होऊन राह्यलं."

"नाई झोपत."

"पाच मिनिटाचं काम आहे. बेंबी बसली का उद्या धानाचे पऱ्हे पाहाले जाशील."

"बाई, माह्या पोटाले हात लावायचा नाई. तीनदा सांगतलं. आता चौथ्यांदा सांगून राह्यली."

गिरजाबाईंच्या एका हातात पितळेचा लोटा होता, दुसऱ्या हातात मोहाच्या बियांच्या तेलाची वाटी. ओसरीवर गोधडी अंथरून ठेवली होती. गोधडीच्या कडेला कणकेचा गोळा आणि त्यात खोचलेली वात. सगळी तयारी होती, फक्त पोट मिळत नव्हतं. पोट रुखमाचं होतं आणि रुखमा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, डावा हात कमरेवर घट्ट दाबून.

अंगणात तिचा नवरा प्रफुल मोटरसायकल पुसत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "करून घे ना. गावच्या गाव येते मायजवळ, अन् घरची सून पळून राह्यली."

"मागच्या बुधवारी करून घेतलं ना. मग संध्याकाळी मी कुठी पडली होती? सांग तूच. बोअरिंगपाशी. कोणी उचललं मले? शेजारच्या पोरींनी. तू पानठेल्यावर होता."

"वात असते. निघतानी त्रास देतेच," गिरजाबाई म्हणाल्या.

"वात नाई वो बाई. तुमच्या लोट्यानं पोट वढलं अन् आत काहीतरी पिळलं. कपडा पिळते तसं. मले समजलं. पोट माह्यं आहे, मले नाई समजन तं कोणाले समजन?"

गिरजाबाई पासष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षांपासून त्या आजूबाजूच्या सात गावांतल्या लोकांच्या सरकलेल्या बेंब्या बसवत आल्या होत्या. माणसाला उताणं झोपवायचं, बेंबीवर पेटती वात ठेवायची, वरून लोटा पालथा घालायचा. वात विझते, लोटा पोटाला चिकटतो, कातडी आत ओढतो. मग तेल लावून बेंबीच्या चारी बाजूंनी अंगठ्याने मळायचं. धानाची पोती उचलून कंबर धरलेली माणसं त्यांच्याकडून चालत जायची. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कोणी कोंबडीची अंडी आणून द्यायचं, कोणी चारोळी. त्यांच्या हाताला नाही म्हणणारं माणूस आजवर निघालं नव्हतं, आणि निघालं ते घरातच.

वाटी त्यांनी खाली ठेवली. जरा आपटूनच.

"मंग मर तशीच," त्या म्हणाल्या.

"नाई मरत," रुखमा म्हणाली. "तेही तुमच्या मनावर नाई."

चुलीपुढे तांदूळ निवडत बसलेली रिना, रुखमाची मोठी जाऊ, खाली मान घालून सुपातले खडे वेचत राहिली. पदराने तिने मानेवरचा घाम पुसला. आभाळ भरलेलं होतं, गार वारा सुटला होता, घाम येण्यासारखं काही नव्हतं. पण रिनाला घाम येतच असे. पाच वर्षांपासून.

*

रुखमा तेहतीस वर्षांची. माहेर वडसा रस्त्यावरचं, सासर कुरखेड्यापासून दहा किलोमीटर आत. दहावीला गणितात राहिली, पुन्हा बसली, पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढच्या वर्षी दिव्या झाली, आणखी तीन वर्षांनी एक मुलगा झाला तो सहा दिवस जगला. त्यानंतर तिने स्वतःहून कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. घरात महिनाभर कोणी धड बोललं नाही. तिने तेही पार पाडलं.

गावात तिला ओळखत ते रोवणीमुळे. पावसाळ्यात पाणी साचवलेल्या बांध्यांमध्ये धान रोवायला चौदा बायांची टोळी असते आणि टोळीची पुढारीण रुखमा. सकाळी सहाला बुद्धविहाराच्या ओट्यावर बाया जमतात. रुखमा मोजते, कोण आली नाही तिच्या दारात जाऊन हाक मारते. बांधीत उतरल्यावर पहिली पात तिची. तिचा हात चालतो त्या चालीने तेरा जणींचे हात चालतात. शेतमालक दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन "दाट लावा, दाट लावा" करतो तेव्हा ती मान वर न करता सांगते, "भाऊ, तुम्ही उतरा, लावून दाखवा." मालक हसतो आणि निघून जातो.

टोळीतल्या बायांची एक सवय आहे. दिवसभर वाकून कंबर तुटते म्हणून त्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पोट-कंबर आवळून बांधतात. मागच्या रोवणीत रुखमाने ती जास्तच आवळली. डाव्या बाजूला ओटीपोटात काहीतरी जड वाटायचं, वाकलं की टोचायचं. पट्टी बांधली की जागच्या जागी राहायचं. रोवणी संपली, पट्टी सुटली, जडपणा राहिला. पाळी आली की आठ-दहा दिवस अंग मोडून यायचं. मधूनच एखाद्या दिवशी असा काही चमका निघायचा की ती भिंत धरून उभी राहायची. कापणीच्या वेळी गिरजाबाईंनी बेंबी बसवली. होळीनंतर पुन्हा. मग ह्या जूनमधल्या बुधवारी, आणि त्या संध्याकाळी ती बोअरिंगपाशी ओकत पडली.

लोटा-तेलाचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रफुल तिला मोटरसायकलवर बसवून एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तो दवाखाना त्याच्या मित्राने सांगितला होता. पोटावर थंड चिकट जेल लावून सोनोग्राफी झाली. डॉक्टरने कागद पाहिला आणि रुखमाकडे न बघता प्रफुलला विचारलं, "मुलं किती?"

"एक पोरगी. ऑपरेशन झालं आहे."

"मग काय, पिशवीचं काम संपलंच. गाठ आहे. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. पुढच्या शुक्रवारी घेऊन या, सगळं एकदाच काढून टाकू. विम्याच्या कार्डावर होऊन जाईल."

"गाठ कुठी आहे साहेब?" रुखमाने विचारलं.

"पोटात."

"पोटात कुठी? पिशवीत का बाहेर?"

डॉक्टरने पेनाचं टोपण लावलं. "बाई, तुम्हाला समजून काय करायचं आहे? बरं व्हायचं आहे ना?"

प्रफुलने तिच्या दंडाला हात लावून तिला उठवलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टरले असं विचारते का कोणी?"

"मजुरीवर जातानी मी मालकाले विचारते, बांधी कोणती, नहराच्या अलीकडची का पलीकडची. इथी तं माह्यं पोट फाडून राह्यले."

*

घरात मात्र त्या दिवशी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पिशवी काढणं ही गावात माहितीची गोष्ट होती. टोळीतल्या चौदांपैकी चार बायांची काढलेली होती. तेंदूपत्ता संपतो आणि रोवणी लागायची असते त्या मधल्या महिन्यात चौघी एकाच जीपने गेल्या होत्या, आणि टाके सुकून रोवणीला हजर झाल्या होत्या. दर महिन्याची कटकट नाही, खाडे नाहीत. रिना त्या चौघींतलीच एक, तेव्हा तीही टोळीत होती.

गिरजाबाईंनीही डॉक्टरची बाजू घेतली. बेंबीच्या दुखण्यात पिशवी आडवी आली होती, म्हणून लोटा लागू पडला नाही. त्यांच्या हाताची इभ्रत राहिली.

"काढून टाक," त्या म्हणाल्या. "आता काय तिले आरती करतं?"

रुखमाने रात्रीचं वाढलं. जेवणं झाल्यावर तिने सोनोग्राफीचा कागद पोरीपुढे ठेवला. दिव्या कुरखेड्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला नुकतीच लागली होती.

"वाच. सगळं इंग्रजी वाच. समजलं नाई तं समजलं नाई म्हण, पण मनानं नोको सांगू."

दिव्याने बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मम्मी, युटेरस म्हणजे गर्भाशय. पिशवी. त्याच्यापुढे लिहिलं आहे, नॉर्मल."

"अजून एकदा वाच."

"नॉर्मल. साइज नॉर्मल. उजवी ओव्हरी नॉर्मल. ओव्हरी म्हणजे अंडाशय. डाव्या अंडाशयात सिस्ट आहे, गाठ, आठ सेंटिमीटर. पुढचं मले नाई समजत."

"बस. इतकं पुरे."

प्रफुल खाटेवरून म्हणाला, "ते सगळं एकच असते. पोटातलंच आहे ना?"

"तुह्यी मोटरसायकल पंक्चर झाली तं तू इंजन काढून फेकते का?"

दिव्या फिस्सकन हसली. प्रफुलने तिच्याकडे डोळे वटारले आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमा रिनाजवळ बसली. रिनाचा नवरा धनराज बल्लारपूरला कामाला, पंधरा दिवसांनी यायचा. रिना सदतीस वर्षांची होती पण गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठत नसे. मागच्या वर्षी अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. ऑपरेशननंतर तीन रोवण्या करून तिने टोळी सोडली. गिरजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, मोठीचे नखरे आहेत, अंगचोर आहे. धनराजही तसंच म्हणायचा. रिनाने कधी उलट उत्तर दिलं नाही. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

"ताई, तुमचे जुने कागद आहेत?"

"पेटीत आहेत. काऊन?"

"उद्या गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात जाऊन राह्यली. तुम्ही चला माह्यासंगं. कागद घेऊन."

"मले काय झालं आता? माह्यं तं सगळं काढलं."

"म्हणूनच," रुखमा म्हणाली.

*

सकाळच्या एसटीने त्या गेल्या. प्रफुलला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. दवाखान्यात चिठ्ठी काढायला रांग, सोनोग्राफीला रांग. नंबर लागेपर्यंत दोन वाजले. डॉक्टर माधवी मॅडम तिशीच्या आतबाहेर, सिरोंच्याकडच्या. मराठी बोलताना शब्द शेवटी जरा लांबवायच्या. त्यांनी कागद पाहिला, हाताने हलकेच तपासलं, आणि रुखमाला विचारलं, "काय माहिती आहे तुला?"

"डाव्या अंडाशयात आठ सेंटिमीटरची गाठ आहे. पिशवी नॉर्मल आहे. तरी एका डॉक्टरनं पिशवी काढा म्हणलं."

मॅडमनी चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं.

"ही पिशवी. उलट्या पेरूसारखी. ही दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं, बदामाएवढी. दर महिन्याला ह्यात पाण्याचा एक बुडबुडा तयार होतो, त्यात बीज पिकतं. पिकलं की बुडबुडा फुटतो. कधी फुटत नाही, तसाच भरत राहतो. ती झाली पाण्याची गाठ. तिला बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. दोन-तीन महिने थांबायचं, पुन्हा सोनोग्राफी करायची. पुष्कळ वेळा आपोआप गेलेली असते."

"माह्यी जाईल?"

"तुझी नाही जाणार. तुझी पाण्याची नाही. हिच्यात चरबी आहे, केस आहेत, कधीकधी दात पण निघतो."

रिनाने "अगं माय" म्हणून तोंडावर हात ठेवला. "पोटात केस? कोणी खाऊ घातले का?"

"कोणी नाही घातले," मॅडम हसल्या. "बीजाच्या पेशी असतात ना, त्यांच्यात सगळं अंग बनवायची ताकद असते. एखादी चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी वाढायला लागते. बहुतेक जन्मापासूनच असते, हळूहळू मोठी होते. अशा गाठी क्वचितच कॅन्सरच्या निघतात. तरी रक्त तपासू, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवू. भीती दाखवून घाई करण्यासारखं नाही, पण वर्षभर बसून राहण्यासारखंही नाही."

"काऊन?"

"जड आहे. वेलाला मोठा भोपळा लागला की देठ पिळतो, तसं हिचं अंडाशय देठावर फिरतं. पूर्ण पिळलं तर रक्त बंद होतं. मग काही तासांत ऑपरेशन करावं लागतं. उलट्या झाल्या होत्या कधी? एकदम असह्य कळ?"

रुखमाने बुधवारची संध्याकाळ सांगितली. लोटाही सांगितला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "थोडं पिळून परत सुटलं असेल. नशीब तुझं. आता पोट मळायचं नाही, दाबायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पुन्हा तशी कळ आली तर वाट बघायची नाही, दिवस असो की रात्र, १०८ ला फोन करून थेट इथे यायचं."

"अन् ऑपरेशन?"

"गाठ सोलून काढायची, अंडाशय ठेवायचा प्रयत्न करायचा. दुर्बिणीतून, नाही जमलं तर छोटा छेद. आत गेल्यावर ते अंडाशय खराब झालेलं दिसलं तर ते एक काढावं लागेल, हे आधीच सांगते. उजवं चांगलं आहे, ते काम करत राहील. पिशवीला मी हात लावणार नाही. तिचा काही गुन्हा नाही."

"लेकरं होऊ द्यायची नाईत मले. मंग पिशवी कशाले ठेवता, असं घरचे विचारतीन."

"त्यांना विचार, मुलं मोठी झाली की बाई छाती कापून टाकते का?"

रुखमा मोठ्याने हसली. रांगेतल्या बायांनी वळून पाहिलं.

मग तिने रिनाच्या मांडीवरची प्लास्टिकची पिशवी पुढे सरकवली. मॅडमनी आतले पिवळे पडलेले कागद एकेक वाचले. एकावर थांबल्या.

"वय काय होतं तेव्हा?"

"बत्तीस," रिना म्हणाली.

"गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत. तुम्हाला सांगितलं होतं?"

"पिशवी काढली म्हणाले."

"सोनोग्राफीत साडेतीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ लिहिली आहे." मॅडम जरा थांबल्या. "त्या दिवशी पोट उघडल्यावर त्यांना काय दिसलं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. कागदावर जे आहे, त्यासाठी आम्ही थांबून पुन्हा तपासलं असतं. अंडाशयं गेली की पाळी जाते एवढंच नाही, पन्नाशीला जे व्हायचं ते बत्तिसाव्या वर्षी एकदम होतं. अंगातून वाफा येतात? झोप लागत नाही? हाडं दुखतात?"

रिना नुसती मान हलवत राहिली, प्रत्येक प्रश्नाला, आणि प्रश्न संपले तरी.

"ह्याला औषध आहे. उशीर झाला, पण आहे. हाडांची तपासणी करू, मग कोणत्या गोळ्या चालतील ते ठरवू. सोमवारी ही भरती व्हायला येईल, त्याच आठवड्यात तुम्हीही या."

परतीच्या गाडीत रिना खिडकीशी बसली. गाडीने आरमोरी मागे टाकलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "रुखमा, म्हणजे पाच वर्षांपासून जे होऊन राह्यलं, ते माह्या मनाचं नव्हतं."

"नव्हतं."

"मी अंगचोर नव्हती."

"कधीच नव्हत्या ताई."

रिनाने पदर खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला आणि मान उघडी टाकून वारा घेतला. गाडीतले लोक बघत होते. तिने बघू दिलं.

*

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ओसरीवर गिरजाबाई आणि प्रफुल दोघेही वाट बघत बसले होते.

"झाली का हौस?" प्रफुल म्हणाला. "शुक्रवारचं मी पक्कं करून आलो. सकाळी आठले पोचायचं आहे. डॉक्टरले शब्द देला मी."

"माह्या पोटाचा शब्द तू काऊन देला?"

"नवरा आहे म्हणून! सही मलेच मागतली त्यानं."

"म्हणूनच तो नोको मले. तिथची मॅडम म्हणे सही तुह्यी. समजून घे अन् कर."

"अन् कॅन्सर झाला मंग?"

"रक्त काढून घेतलं आहे तपासाले. गाठ निघाली का तेही तपासतीन. तुह्या डॉक्टरनं काय तपासलं? लेकरं किती ते तपासलं फक्त."

"पण ठेवून काय करणार आहेस ते तं सांग! कोणाले लोणचं घालाचं आहे पिशवीचं?" गिरजाबाई मध्ये पडल्या. "रिनाची काढली, काय झालं तिले? धडधाकट बसली आहे."

"बाई."

आवाज रिनाचा होता. गिरजाबाई दचकल्याच; ह्या सुनेने वाद चालू असताना तोंड घातलेलं त्यांना आठवत नव्हतं.

रिनाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि सासूच्या मांडीवर ठेवला. गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं, ते रिनाला माहीत होतं.

"ह्याच्यात लिहिलं आहे माह्यं काय काय नेलं ते. पिशवी अन् दोन्हीकडची अंडाशयं. तीन महिने थांबलो असतो तं कदाचित काहीच न्यावं लागलं नसतं. मनगट मोडलं ते त्याच्यानं. घाम येते तो त्याच्यानं. नखरे नोका म्हणू आता. तुमच्या पोराले पण फोन करून सांगीन मी, कागद वाचून."

 दिव्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती ती दारातच थांबली.

गिरजाबाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला होता. त्यांचे अंगठे रुंद होते, तेलाने वर्षानुवर्षं काळपट झालेले. त्या अंगठ्यांकडे बघत त्यांनी हळू विचारलं, "अन् तुह्यं, रुखमा? माह्या हातानं झालं का?"

 खोटं सांगणं सोपं होतं.

"गाठ तुमच्या हातानं नाई झाली. ती होतीच. पण बुधवारी जे पिळलं, ते लोट्यानं पिळलं असन. मले माहीत नव्हतं, तुमालेही नव्हतं. आता दोघींलेही माहीत आहे."

"चाळीस वर्षं करून राह्यली मी."

"कंबर धरलेल्या माणसाचं करा. बाईच्या ओटीपोटात दुखते म्हणलं का हात नाई लावायचा, दवाखान्यात जा म्हणाचं. मी आल्यावर पाहीन तुम्ही म्हणता का नाई ते."

गिरजाबाईंनी कागद नीट घडी करून रिनाच्या हातात दिला. आजवर रिनाच्या हातात त्यांनी काही दिलं तर ते सांडशी नाहीतर झाडू.

प्रफुल उठून उभा राहिला. शेवटचा उपाय म्हणून त्याने आवाज चढवला. "अन् रोवणी? दहा दिवसात रोवणी लागते. पुढारीण दवाखान्यात, टोळी कोण नेणार? मालकाईले काय सांगू?"

"बांधीत जंगली धान निघालं तं आपण काय करतो?" रुखमाने विचारलं.

"ते मधात कुठी आलं?"

"सांग ना. काय करतो?"

"उपटून फेकतो."

"धुरा खोदून बांधी मोडतो का?"

 उत्तर दिव्याने दिलं. "नाई मोडत."

रुखमाने तिच्या हातातला तांब्या घेतला, पाय धुतले, ओसरीवर चढली. पदर कमरेला खोचला. पोटाला पट्टी नव्हती. मग विहाराच्या ओट्यावर सकाळी बायांची नावं घ्यायची त्याच आवाजात, कोणाकडेही विशेष न बघता तिने सांगितलं.

"ऐका सगळे. शुक्रवारी कोणी कुठीच जाणार नाई, प्रफुल, तू त्या डॉक्टरले फोन करून सांग. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी गडचिरोलीला भरती होऊन राह्यली, संगं दिव्या येईल. गाठ तेवढी निघेल, पिशवी राहील, सही मी करीन. टोळीचं मी बायांले उद्या सांगते: रिनाताई धुऱ्यावर बसून हाक मारतीन, तेरा जणी रोवतीन, अन् यंदा पोटाले पट्टी कोणीच बांधणार नाई."